पासपोर्टचा प्रश्न सोपा आहे, आईचा नाही

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा कराड तालुक्यातला. जिल्हा परिषदेची शाळा, पुढे रयतचं हायस्कूल आणि मग कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, एवढ्या शिदोरीवर २०१३ साली जर्मनीत आलो. स्टुटगार्टजवळ एका कंपनीत आहे. पत्नीही इथे नोकरी करते, मुलगी सात वर्षांची आहे. आई-वडील गावी धाकट्या भावाकडे असतात. शेतीही तोच बघतो.

देशाचा मला मनापासून अभिमान आहे. चांद्रयान उतरलं तेव्हा घरी पेढे करून ऑफिसात वाटले. पण कुणी जातीवरून किंवा बायकांच्या सुरक्षिततेवरून प्रश्न विचारला की डोकं फिरतं. त्यावरून एका सहकाऱ्याशी वाजलं, अजून आम्ही बोलत नाही.

गावाचं ऋण फेडावं म्हणून दोन वर्षांपूर्वी शाळेला प्रोजेक्टर आणि टॅब दिले. या खेपेला गेलो तर सगळं कपाटात कुलूपबंद. मी तिथंच बोलून दाखवलं. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, ‘दादा, तू गावाचं आणि देशाचं ऋण फेडतोयस, चांगलंच आहे. पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कोण होतं?’ तेव्हापासून मला धड झोप नाही.

त्यातच पत्नीने जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केलाय. मीही करावा असं तिचं म्हणणं. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे तू आता आमचा नाहीस.’ सगळं सोडून परत यावं का? की इथं राहूनही देशासाठी काही करता येतं? आणि पासपोर्ट बदलणं ही गद्दारी आहे का?

– एक वाचक, स्टुटगार्ट

ताईंचं उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला बरेच प्रश्न विचारलेत, पण झोप उडवणारा प्रश्न तुमच्या भावाने विचारलाय. तो सांगून तुम्ही लगेच पासपोर्टवर गेलात. मी आधी भावाकडे जाते.

त्याचं बोलणं तुम्हाला लागलं, साहजिक आहे. पण मला त्यात टोमणा दिसत नाही. घरात दोन म्हातारी माणसं असली की रोजचं काय काय असतं, ते फोनवर कळत नाही. गोळ्या संपायच्या आत आणायच्या, डॉक्टरांकडे नंबर लावायचा, रात्री आई उठली की अर्धा कान तिकडे ठेवायचा, वडील पथ्य मोडतात म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालायची, आणि कुणाच्या लग्नाला नवरा-बायकोने मिळून कधी जायचं नाही, कारण घरी कुणीतरी हवं. हे सगळं भाऊ करतो असं आपण म्हणतो. यातलं निम्म्याहून जास्त त्याची बायको करत असणार. तुमच्या अख्ख्या पत्रात त्या बाईचा उल्लेखही नाही. ऑपरेशनच्या रात्री दवाखान्यात आईजवळ कोण होतं, ते एकदा विचारून घ्या.

शाळेला वस्तू दिल्यावर गावात तुमचा सत्कार झाला असेल. शाल, श्रीफळ, फोटो, दोन शब्द. त्यात गैर काही नाही. मात्र आई-वडिलांचं रोजचं करणाऱ्या त्या दोघांना कुणी कधी शाल पांघरलेली नाही आणि पांघरणारही नाही. भाऊ बोलला तो या हिशेबातून बोलला. शिवाय तो तोंडावर बोलला, याचं मला बरं वाटतं. अशी माणसं बहुतेक वेळा गप्प राहतात आणि जमिनीच्या वाटणीला बसलं की दहा वर्षांचं एकदम बाहेर पडतं. तुमच्या घरात ती वेळ आलेली नाही, म्हणजे नातं शाबूत आहे.

आता करायचं काय? पैसे तुम्ही पाठवत असालच. पण प्रत्येक खर्चाला भावाला तुमच्याकडे मागावे लागत असतील तर ते त्याला जड जात असणार, तो म्हणत नसला तरी. आजारपणापुरती एक मोठी रक्कम भाऊ आणि भावजय यांच्या जोडखात्यात कायम पडून असू द्या, आणि तिचा हिशेब मागू नका. दुपारच्या वेळी आईपाशी बसायला गावातली एखादी बाई पगारावर ठेवता येत असेल तर भावजयीला विचारून ठेवा; तिला न विचारता ठेवलीत तर ती तिला स्वतःवरची टीका वाटेल. दवाखान्याच्या फायली, तपासण्यांचे रिपोर्ट, विम्याचे कागद स्वतःकडे घ्या. डॉक्टरांशी फोनवर बोलणं, विमा कंपनीच्या मागे लागणं, पुढची तारीख ठरवणं, यासाठी गावात असावं लागत नाही. ही कामं वेळखाऊ आणि डोकं उठवणारी असतात; ती अंगावर घेतलीत तर भावाला खरोखर हलकं वाटेल.

आणि रजा. जर्मनीत तुम्हाला बऱ्यापैकी रजा मिळते, इथल्या नोकरदाराच्या मानाने तर भरपूर. ती तुम्ही गणपतीत नाहीतर नाताळात काढून येता. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तुमच्या आवडीचं रोज होतं आणि भावजयीचं काम दुप्पट होतं. पुढच्या वर्षी तारखा त्यांना ठरवू द्या. भावाला आणि त्याच्या कुटुंबाला आठ-दहा दिवस कुठं जायचं असेल तिथं जाऊ द्या, आणि तेवढे दिवस घर, आई-वडील, गोठा, सगळं तुम्ही बघा. पत्नी आणि मुलगी सोबत असतील तर उत्तमच, नसतील तरी तुम्ही एकट्याने बघा. भाऊ गेलेला असताना आईच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात हे शोधावं लागेल, तेव्हा बरंच काही न बोलता कळेल.

तुम्ही म्हणाल, मी देशाचं विचारलं आणि ताई घरचंच सांगत बसल्या. पण परदेशातल्या भारतीयांनी देशासाठी सगळ्यात मोठं जे काही केलंय ते घरासाठी म्हणूनच केलंय. २०२४-२५ या एका वर्षात परदेशातल्या भारतीयांनी मायदेशी १३५ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम पाठवली. जगात याबाबतीत भारत पहिला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत यातला साधारण पाचवा हिस्सा महाराष्ट्रात आला, केरळपेक्षाही किंचित जास्त. यातला मोठा भाग कुणी देशभक्तीच्या भाषणानंतर पाठवत नाही. आखातातला गवंडी बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडायला पाठवतो, एखादी नर्स भावाच्या फीसाठी पाठवते. देशाची परकीय चलनाची गंगाजळी त्यातून भरत राहते.

याच्या उलट, देशाच्या नावाने गोळा झालेला पैसा पुष्कळदा निव्वळ गुंतवणूक असतो. १९९८ साली पोखरणच्या चाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि अनिवासी भारतीयांनी चार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम भरली. देशाला त्या घडीला त्याचा उपयोग झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण त्या रोख्यांवर डॉलरमध्ये ७.७५ टक्के व्याज होतं. आणि त्याआधी १९९१ मध्ये देशाची परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत आली, तेव्हा अनिवासी ठेवी भराभर काढून घेतल्या गेल्या. मी त्या लोकांना दोष देत नाही. कष्टाचा पैसा जो तो सांभाळतोच. मला एवढंच म्हणायचंय की ठेवीला प्रेम म्हणू नये आणि आईच्या औषधाला खासगी बाब म्हणून कमी लेखू नये.

आता शाळेचं. इथं मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलावं लागेल, कारण मी आयुष्याची बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर काम करण्यात घालवली आहेत आणि असे कुलूपबंद प्रोजेक्टर खूप पाहिलेत.

मुख्याध्यापकांनी ते आळसाने कपाटात ठेवले असतील असं तुम्ही धरून चाललात. तीस ते शंभर पटाच्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून संयुक्त शाळा अनुदान म्हणून वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. तेही वेळेवर आणि पूर्ण आले तर. त्यातून खडू-फळ्यापासून स्वच्छतागृहाच्या डागडुजीपर्यंत सगळं भागवायचं आणि लाईट बिलही भरायचं. बिल थकून वीज तोडलेल्या शाळा महाराष्ट्रात काही थोड्या नाहीत. प्रोजेक्टरचा दिवा गेला तर नवा कुठून आणायचा? टॅब चोरीला गेले तर जबाबदारी कुणाची? मुख्याध्यापकाचीच, कारण तुमची भेट शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते. दोनशिक्षकी शाळेत एक जण सरकारी माहिती भरण्यात आणि दुसरा चार वर्ग एकत्र सांभाळण्यात अडकलेला असतो. अशा माणसाने महागडी वस्तू कुलपात ठेवली, तर मला तो शहाणाच वाटतो.

तुम्ही वस्तू दिलीत. ती चालवण्याचा खर्च दिला नाहीत, आणि ती हवी आहे का, हे देण्याआधी विचारलंही नाहीत. विचारायचं कुणाला, तेही सांगते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. कागदावर ती सगळीकडे असते, काही ठिकाणी खरोखर चालतेही. पुढच्या खेपेला त्या समितीच्या बैठकीला जाऊन बसा. आई म्हणून आलेल्या बायकांना बोलतं करा आणि स्वतः शक्यतो गप्प राहा. एखादी म्हणेल, मुलींच्या संडासात पाणी नाही. एखादी म्हणेल, पावसाळ्यात दुसरीचा वर्ग गळतो. कुणी म्हणेल, पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवायला अजून एक माणूस द्या. त्यातलं एक काम घ्या आणि किमान पाच वर्षं सोडू नका. लाईट बिल, प्रोजेक्टरची देखभाल आणि गावातल्याच एखाद्या डी.एड. झालेल्या मुलीचं मानधन, असा दर महिन्याचा खर्च उचललात तरी ते प्रोजेक्टर आपोआप कपाटाबाहेर येतील. त्यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणूनच असा खर्च उचलायला माणूस मिळत नाही.

तुम्ही रयतच्या शाळेत शिकलात, तर ही पद्धत तुमच्या ओळखीचीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती तुमच्याच तालुक्यात, काले इथं. ती उभी राहिली तेव्हा कुणी धनाढ्याने एका रात्रीत इमारत बांधून दिली नव्हती. मुष्टी फंड होता. घरोघरच्या बायका दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, आणि त्यातून वसतिगृहातल्या मुलांची जेवणं निघत. लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. तुमच्या हायस्कूलच्या भिंती त्या मुठींवर उभ्या आहेत. तुमच्या कॉलेजचंही तसंच. तुमच्याकडून जी फी घेतली ती खर्चाच्या मानाने थोडी होती. बाकीची भरपाई काडेपेटी विकत घेताना कर भरणाऱ्या मजुराने केली. देशाचं ऋण, देशाचं ऋण असं आपण मोघम म्हणत राहतो, त्यामुळे ते कुणाला परत करायचं हे कळत नाही. तुमच्या बाबतीत ती माणसं दाखवता येतात आणि त्यांची नातवंडं आज त्याच शाळांत बसलेली आहेत.

दुसरी एक गोष्ट अशी आहे जी गावातला कुणीही करू शकत नाही, फक्त तुम्हीच करू शकता, आणि पत्रात तिचा तुम्ही विचारही केलेला नाही. तुम्ही स्टुटगार्टमध्ये आहात, म्हणजे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याच्या राजधानीत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुणांची गोष्ट होती. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा कामांसाठी. तेव्हापासून सातारा-सांगलीकडच्या गावागावांत जर्मनीची स्वप्नं पडायला लागली आहेत. जर्मन भाषेचे क्लास निघालेत, त्यांत चांगले आहेत तसे नुसते फी उकळणारेही आहेत. ‘सहा महिन्यांत जर्मनी’ असं सांगणारे एजंट आहेत. जमीन गहाण टाकून पैसे भरायला तयार असलेले बाप आहेत.

या पोरांना खरं कोण सांगणार? परिचारिकेला तिथं पूर्ण मान्यता मिळायला साधारण बी-२ पातळीची, म्हणजे कामावर सफाईने बोलता-लिहिता येईल इतकी जर्मन लागते आणि ती वर्ष-दीड वर्ष जोरात अभ्यास केल्याशिवाय येत नाही. इथल्या पदविकेची तिथं तपासणी होते आणि कमी पडलं तर जादा प्रशिक्षण घ्यावं लागतं. स्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर मिळणं नोकरी मिळण्याइतकंच अवघड. पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण कर आणि विमा कापून हातात किती येतो? हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधार पडतो तेव्हा एकट्या पोराचं काय होतं? हे तुम्हाला पाठ आहे. आपल्याकडचा कायदाही त्यांना सांगा: परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि उमेदवाराकडून त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त शुल्क घेता येत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ कराडच्या दहा-बारा मुलांशी व्हिडिओवर बोललात, कुणी लुबाडलं जाताना वेळीच ओरडलात, कुणी स्टेशनवर उतरलं तर पहिली रात्र काढायला जागा दिलीत, तर एखाद्या घराची जमीन वाचेल. टॅबच्या दसपट मोल आहे याला.

आणि जिथं राहता तिथल्या लोकांसाठीही काहीतरी करा. त्याने मायदेशावरचं प्रेम पातळ होत नाही. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या भारतीयांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या चळवळीच्या, पहिल्या फळीतले. त्याच चळवळीतला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतलं सगळं सोडून परत आला आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. खानखोज्यांना इंग्रजांनी परतू दिलं नाही. ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना रंगवलंय. देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. या दोघांत जास्त देशभक्त कोण, असा प्रश्न मला सुचतही नाही.

सहकाऱ्याशी झालेल्या भांडणाबद्दल थोडंच बोलते. चांद्रयानाचे पेढे वाटलेत, छान केलंत. पण जातीवरचा प्रश्न म्हणजे देशाचा अपमान, असं धरून बसू नका. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांनी परक्यांसमोर उभं राहून भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचविशीतले होते आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते. शिष्यवृत्तीचा करार पाळायला पुढच्याच वर्षी ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि तिथं त्यांना राहायला कुणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही हुसकावलं गेलं. त्याच देशाची राज्यघटना पुढे त्यांनी लिहिली. परदेशात असताना आपल्या देशातलं वाईट मान्य केल्याने देश लहान होत नाही, याला याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. तुमच्या सहकाऱ्याने हेटाळणीने विचारलं असेल तर तसं त्याला सांगा. कुतूहलाने विचारलं असेल तर त्याला खरं उत्तर मिळायला हवं होतं. वाईट काय आहे आणि त्याविरुद्ध आपल्याकडची माणसं किती पिढ्या लढतायत, दोन्ही. जाऊन त्याच्याशी बोला.

आता पासपोर्ट. गद्दारीचा यात काही संबंध नाही, पण कागद नीट समजून घ्या. २७ जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आणि पात्रतेसाठी लागणारा मुक्काम आठ वर्षांवरून पाचवर आणला. अडचण आपल्या बाजूने आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं आणि पासपोर्ट परत करावा लागतो. मग ओसीआय कार्ड मिळतं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते ओळखपत्र. आजन्म व्हिसाची गरज नाही, कितीही दिवस राहता येतं. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ती तुम्हाला आता अनिवासी म्हणूनही घेता येत नाही. वारसाने येणारी दोन्हीकडे येते. मताचा हक्क आज तुमच्याकडे आहे, मात्र तो बजवायला मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं.

शाळेच्या दृष्टीने एक फरक महत्त्वाचा आहे. भारतीय पासपोर्ट असताना स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत गावातल्या एखाद्या संस्थेला दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. जर्मन नागरिक झालात की ओसीआय असूनही ती परकीय धरली जाते, अगदी रुपयांत दिली तरी. मग त्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवा. गावच्या छोट्या ट्रस्टला हे झेपत नाही. त्यामुळे पासपोर्ट बदलायचा झाला तर दानाची व्यवस्था आधी एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत लावून घ्या. नाहीतर तुमच्या चांगुलपणाने गावातली माणसं गोत्यात येतील.

पण याची दुसरी बाजू मला जास्त वजनदार वाटते. तुमच्याकडे आज जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर सहा महिन्यांहून, काही प्रकारांत वर्षाहून, जास्त काळ जर्मनीबाहेर राहिल्यास तो जाऊ शकतो. उद्या आई अंथरुणाला खिळली आणि तुम्हाला गावी वर्ष-दीड वर्ष राहायचं ठरलं, तर परतीचा रस्ता बंद होण्याची धास्ती मागे असेल. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर ती राहणार नाही. आई-वडिलांपाशी हवं तितकं राहण्याची मोकळीक बदललेल्या पासपोर्टनेच मिळण्याची शक्यता आहे. अर्ज करण्याआधी तिथल्या एखाद्या जाणकार वकिलाला तुमच्या परवान्याचा नेमका प्रकार दाखवून खात्री करून घ्या.

वडिलांना हे फोनवर सांगू नका. पुढच्या खेपेला त्यांच्याजवळ बसून सांगा. ‘आमचा नाहीस’ असं ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या मनात राजमुद्रेचा विचार नव्हता. आपल्या शेवटच्या दिवसांत हा येऊ शकेल का, याला विमानतळावर कुणी अडवणार तर नाही ना, ही काळजी होती. ओळखीच्या कुणाचं ओसीआय कार्ड मिळालं तर त्यांच्या हातात द्या, त्यावर व्हिसा लागत नाही हे समजावून सांगा. ते लगेच मान्य करणार नाहीत; वेळ द्या.

सगळं सोडून परत यावं का? अपराधीपणापायी येऊ नका. असं आलेलं माणूस दोन वर्षांनी घरातल्यांवरच चिडतं, ‘तुमच्यासाठी सोडलं’ म्हणतं, आणि त्यांनाही ते ऐकून घ्यावं लागतं. आईला तुमची रोज गरज असेल, इथं काम मिळत असेल आणि घरात सगळ्यांचं एकमत असेल तर या, आनंदाने या.

एकमतावरून पत्नीचं. त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला, एवढंच तुम्ही लिहिलंय. का केला, त्यांना काय हवंय, त्यांची नोकरी कसली, यातलं काही नाही. त्यांच्या माहेरी कोण आहे, त्यांच्या आई-वडिलांचं कोण बघतं, हेही नाही. तुमच्या आईच्या ऑपरेशनला तुम्ही नव्हतात याने तुमची झोप उडाली. त्यांच्या आईच्या आजारपणात त्या कधी होत्या का, हे त्यांना विचारलंय का? रजा, पैसा, वर्षातले महिने यांचा हिशेब मांडाल तेव्हा दोन्ही घरं एकाच कागदावर घ्या. नागरिकत्वाच्या अर्जाला शेवटची तारीख नसते, तेव्हा हा कागद आधी होऊ द्या. त्यात काही अडलं तर पुन्हा लिहा, आणि त्या वेळी पत्र दोघांनी मिळून लिहा.